तिसऱ्या रात्रीचं खाकरणं

डोंबिवली (पूर्व),
६ जानेवारी १९९१

ती. गं. भा. सगुणावहिनी यांस,

विनंती एकच आहे आणि ती खरोखरच विशेष आहे, एरवी घरच्या माणसाला तिकीट लावून पत्र लिहिण्याची हौस मला नाही. दादाच्या तेराव्याला तुम्ही मला सर्वांदेखत "पुन्हा ही पायरी चढू नका" असे सुनावलेत. वर्ष उलटून गेले तरी मी ते विसरलेलो नाही. डोंबिवलीहून ठाणे काही विलायतेत नव्हे, परंतु अपमान झालेल्या माणसाने पायरीपेक्षा टपालाची पेटी जवळ करावी हे बरे.

विषय त्याच खोक्याचा. तुमच्या बाहेरच्या खोलीत कपाटावर, आकाशकंदिलाच्या सांगाड्याखाली जो जाड खोका पडून आहे, त्यात काय आहे याची कल्पना अख्ख्या चेंदणी कोळीवाड्यात कुणाला असेल असे मला वाटत नाही. म्हणून सांगतो. ते एका जर्मन ऑपेराचे ध्वनिमुद्रण आहे. ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच, पण आपल्याकडच्यासारखे दोन वाक्ये बोलून एक पद म्हणणारे आणि वन्समोअर आला की तेच पद पुन्हा दळणारे नव्हे. तिथे सारेच गायचे असते. एकच कथा चार रात्री चालते. आणि हे मुद्रण स्टुडिओत दारे लावून केलेले नाही. पंचावन्न साली भरलेल्या नाट्यगृहात, प्रेक्षकांसमोर प्रयोग रंगलेला असताना ते केले, म्हणून ते ऐतिहासिक. जाणकार त्याच्यासाठी जीव टाकतात. तुम्ही त्यावर कंदील ठेवता.

आमच्या पाश्चात्त्य संगीत श्रवण मंडळाचा मी संस्थापक आणि अध्यक्ष आहे. सभासद पुष्कळ आहेत, कान असलेले दोनच, त्यातला एक मी. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात तीस वर्षे वासात काढली, आता निवृत्तीत तरी काही चांगले ऐकावे अशी इच्छा आहे. तो संच तुम्हाला निरुपयोगी आहे. तुम्हाला त्यातले काही कळत नाही, दादालाही कळत नव्हते. तो योग्य ठिकाणी यावा. माणूस पाठवतो, दिवस कळवा.

चि. हेमाला आशीर्वाद.

आपला दीर,
शिवराम


चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१५ जानेवारी १९९१

भावोजी,

नमस्कार घ्या. तुमच्याकडून आलेला नाही, त्या 'गं. भा.'च्या मागे कुठेतरी राहिला असावा. पाकिटावर ठळक अक्षरात लिहिलंत, पोस्टमनने ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं. नवरा गेला हे मला ठाऊक आहे हो. पाकिटावर दवंडी पिटायची काय गरज होती?

आणि तेराव्याला मी तुम्हाला पायरी का बंद केली, तेही लिहायचं होतंत की. लोकांची जेवणं व्हायची होती. तुम्ही पानावरून उठलात आणि हात धुताना मला विचारलंत, "वहिनी, तो रेकॉर्डचा खोका कुणाच्या नावाने आहे?" मी चौतीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवलं. मठ्ठ पोरं पाहिली, लबाड पोरं पाहिली. दोन्ही एका जागी फक्त तुमच्यात पाहिलं.

ऑपेरा म्हणजे काय हे मला शिकवू नका. तुम्ही ते पहिल्यांदा ऐकलंत ते माझ्याच घरात, माझ्याच चटईवर बसून, सुक्या बोंबलाचं कालवण ओरपताना. तुम्हीच विचारलं होतंत, "ही बाई एवढी का ओरडते?"

आता खोका का मिळणार नाही ते ऐका. हे मी कुणाला सांगत नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय तुमची टपालं थांबायची नाहीत.

आपल्या घरची रीत डोंबिवलीच्या हवेत विसरला असाल, म्हणून आठवण देते. घरात पुरुषमाणूस शिरायचा तो ओट्याखाली उभा राहून आधी खाकरायचा. आत सुना-लेकी असायच्या. कुणी न्हाऊन केस सोडून बसलेली, कुणी जरा लवंडलेली. मामंजी खाकरले की आम्ही पदर सावरून उठायचो. तुमच्या दादांनी ते मामंजींचंच उचललेलं. दोन आखूड आणि मग एक लांब, शेवटी वर ओढलेलं. जर्मनीला जाऊन आले, वागळे इस्टेटमध्ये टूलरूमचे फोरमन झाले, तरी स्वतःच्या घरात स्वतःच्या बायकोकडे येताना खाकरायचे. मी म्हणायची, "अहो, आत मीच आहे." तर म्हणायचे, "मंग? तू बाय नाय काय?"

पंचावन्न साली कंपनीनं त्यांना तिकडे शिकायला धाडलं, तेव्हा ज्या म्हाताऱ्या बाईकडे राहत होते तिच्या नवऱ्याला बरं नव्हतं. त्याचं तिकीट फुकट जाऊ नये म्हणून तिने ह्यांना त्या नाटकाला नेलं. तिसरी रात्र होती. लाकडी बाकं, गरम होत होतं, आणि आधीच सांगून ठेवलेलं की आज वर माइक टांगलेत, कुणी हूं की चूं करायचं नाही. हे आपले घडी घातल्यासारखे बसलेले. शेवटी शेवटी तो नाटकातला पोरगा आगीतून वाट काढत डोंगरावर चढतो. वर एक बाई एकटी झोपलेली असते. सगळी वाद्यं गप्प होतात, नुसती बारीक तार वाजत राहते आणि हा पोरगा पाय न वाजवता तिच्याकडे चाललेला. तुमच्या दादांना राहवेना. परक्या झोपलेल्या बाईपाशी चाललाय, हाक नाही, खाकरणं नाही, काय रीत आहे की नाही? मग त्याच्या वतीने हेच खाकरले. दोन आखूड, एक लांब. म्हातारीनं असं कोपर मारलं म्हणे, की चार दिवस बरगडी दुखत होती.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्या प्रयोगाच्या रेकॉर्डी निघाल्या. म्हातारी जिवंत होती, तिनं आठवणीनं खोका आगबोटीनं पाठवून दिला. घरी ती बाजू लावली आणि ते जागेवरून ओरडले, "अगो, ह्यो मीच!"

शेवटचं वर्ष तुम्हाला माहीत आहे. गळ्याचं दुखणं झालं, आवाज साफ गेला, पाटीवर लिहून द्यायचे. बोलते होते तेव्हा कुणाला सुचलं नाही टेप करून ठेवावं. फोटो आहेत ढीगभर, पण आवाज म्हणाल तर तेवढाच. मनात आलं की संध्याकाळी ती बाजू लावते. ते खाकरतात आणि मी उठून पदर सावरते. हसा आता.

खोका मिळणार नाही. माणूस पाठवू नका, पाठवलात तर परत येईल अशी खात्री देत नाही.

सगुणा


डोंबिवली,
२४ जानेवारी १९९१

ती. सगुणावहिनी यांस,

आपल्या आज्ञेनुसार गं. भा. वगळले आहे.

हसलो. पोट धरून हसलो, आणि मग वाईट वाटले. त्या नाट्यगृहात दीड-दोन हजार माणसे असतात. जर्मनीतली हवा, जर्मनांच्या सर्द्या. त्यातल्या एका पडशाने बेजार झालेल्या खाटकाला किंवा वकिलाला तुम्ही उचलून चेंदणीचा रहिवासी करून टाकलात! दादा सांगायचा आणि तुम्ही ऐकायचात. दादा तर असेही सांगायचा की, तिथल्या नदीत त्याने हाताने मासा पकडला होता. तोही कुठे रेकॉर्डवर तडफडताना ऐकू येतो का पाहा.

राहिली खाकरण्याची रीत. ती मला चांगली आठवते. म्हणूनच मी तिथून निघालो. डोंबिवलीत दारांना बेल असतात.

जगातल्या एका महान मुद्रणावरचा तो एक डाग आहे, वहिनी. सारे जाणकार त्या ठिकाणी दात-ओठ खातात. तुम्ही मात्र पंधरा तासांचे संगीत बाजूला सारून नेमका तो डाग ऐकता. पुरणपोळीत निघालेला खडा काढून देव्हाऱ्यात ठेवावा तसे हे आहे.

पण एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. तुमच्या त्या सुटकेशीसारख्या रेकॉर्ड प्लेअरची सुई तुम्ही शेवटची कधी बदललीत? बदलली नसणारच. जुनी सुई तबकडीची खोबण खरवडते. आणि तुम्ही दर वेळी तीच बाजू, तीच जागा लावता. घटकाभर, केवळ वादापुरते धरू, की तो दादाच आहे. मग दर संध्याकाळी तुम्ही त्याला थोडा थोडा पुसून टाकता आहात. एक दिवस सुई फिरेल आणि तिथे नुसती खरखर असेल.

माझ्याकडे उत्तम यंत्र आहे, हिऱ्याची सुई आहे. त्या बाजूची कॅसेट करून देतो. कॅसेट हवी तितकी वाजवा, झिजली तर दुसरी काढता येते. मंडळात एकदा ऐकतो आणि संच परत करतो. अडाणीपणाने वस्तू नासवायची, की शहाण्या माणसाचे ऐकायचे, ते तुम्ही ठरवा.

शिवराम


ठाणे
१२ फेब्रुवारी १९९१

भावोजी,

तुमचं पत्र आल्यापासून मी त्या खोक्याला हात लावलेला नाही. तुम्ही तेवढ्यासाठीच लिहिलंत हे मला कळतं. पण खोटं लिहिलेलं नाहीत, हेही कळतं. त्या जागी हल्ली भजी तळल्यासारखा आवाज येतो. मला वाटायचं माझेच कान गेले.

हेमा म्हणते, काकांचं यंत्र चांगलं आहे, देऊन टाक एकदा. तिचं वय लहान आहे, तिला माणसांपेक्षा यंत्रं बरी वाटतात. वागळे इस्टेटमध्ये दिवसभर टाइप करून तसंच होणार.

तर ऐका. चोविसाव्या तारखेला रविवार आहे. हेमा स्वतः खोका घेऊन येईल आणि तुमचा कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच बसेल. तुमच्या त्या सभासदांपैकी कुणी चहाच्या हाताने रेकॉर्डला बोट लावायचं नाही. कॅसेटवर ती जागा आधीपासून नंतरपर्यंत नीट यायला हवी. मला तुमचं संगीत नको, मला ते हवेत. कॅसेटसाठी खोका ठेवून घ्या, पण पाडव्याच्या आत तो माझ्या कपाटावर दिसला पाहिजे.

तुमच्यावर विश्वास ठेवते आहे असं समजू नका. दुसऱ्या कुणाकडे तसं यंत्र नाही, म्हणून देते आहे.

सगुणा


डोंबिवली,
२२ मार्च १९९१

ती. सगुणावहिनी यांस,

खोक्याची आठवण करणारी तुमची दोन्ही कार्डे मिळाली. दुसऱ्या कार्डावर, उघड्या टपालात, तुम्ही मला 'उचल्या' म्हटले आहे. आमच्या पोस्टमनलाही वाचता येते, एवढेच कळवतो.

कार्यक्रम झाला. काय सांगावे! मी प्रस्तावना करीत असतानाच एका गृहस्थांनी चहा मध्यंतरात आहे की शेवटी, अशी पृच्छा केली. त्यांच्या सौभाग्यवती दोन तास मटार सोलत होत्या. बँकेतले एक साहेब पहिल्या दहा मिनिटांत घोरू लागले ते टाळ्या पडल्यावर उठले आणि "वा, गळ्याला काय फिरत आहे!" म्हणाले. ह्या लोकांना मी इतकी वर्षे ऐकायला शिकवतो आहे. वाळूत पाणी ओतणे दुसरे काय! तुमचे ते प्रसिद्ध स्थळ आले आणि गेले. मला विशेष काही जाणवले नाही.

सोबत कॅसेट पाठवतो आहे. त्या जागी मी क्षणभर पॉजचे बटण दाबून तो व्यत्यय वगळला आहे. रागावू नका. इतक्या वर्षांत तुम्ही ते संगीत एकदाही ऐकलेले नाही, आता तरी ऐकाल. मन रमवण्याचा हा निरोगी मार्ग आहे.

दुसरी गोष्ट त्याहून आनंदाची. घोडबंदर रोडला नव्या इमारतीत एक संग्राहक राहायला आले आहेत, मोठे दर्दी. त्यांना मूळ रेकॉर्डीच हव्या होत्या. त्या देऊन त्यांच्याकडून मी त्याच प्रयोगाचा नवा सीडी संच घेतला. सीडी म्हणजे चकतीच, पण लहान, चंदेरी, सुईशिवाय वाजणारी, कधीही न झिजणारी. आणि वहिनी, काय स्वच्छ! कंपनीने त्या जागी तालमीच्या वेळचा तुकडा जोडला आहे, त्यामुळे कुणाचा खोकला नाही, शिंक नाही, काही नाही. खरवडलेला, डागाळलेला माल देऊन निष्कलंक वस्तू मिळाली. दादा असता तर खूश झाला असता.

सीडी वाजवण्याचे यंत्र घेतले की तुम्हाला एकदा ऐकवीन. यात मी तुमचे भलेच केले आहे, ते उशिरा का होईना ध्यानात येईल.

शिवराम


ठाणे
२७ मार्च १९९१

शिवराम,

भावोजी लिहायला हात धजत नाही.

कॅसेट लावली. तो पोरगा डोंगर चढला, तार वाजायला लागली, मी उठून उभी राहिले, आणि खट्. बाईचं गाणं सुरू. मला वाटलं, टेप अडकली. तीनदा मागं नेली. मग तुमचं पत्र पुढे वाचलं. तुम्ही बटण दाबलंत. माझ्या नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवलात आणि वर लिहिता, रागावू नका!

दुसऱ्याची वस्तू विकली तर त्याला चोरी म्हणतात, बदली करून घेतली तर काय म्हणतात ते तुमच्या मंडळाला विचारा. पण तुम्ही चोर आहात म्हणून मी हे लिहीत नाही. चोराला निदान ठाऊक नसतं, उचललेल्या वस्तूत कुणाचा जीव आहे ते. तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून लिहिते आहे.

हेमानं मला त्या रविवारी घरी आल्या आल्या सगळं सांगितलं. मी गप्प राहिले. म्हटलं, असू दे, सख्खा भाऊ आहे, त्याचं त्यालाच राहू दे. कुणाला लाजवायची सवय नाही मला. पण तुम्ही लिहिलंत, "मला विशेष काही जाणवले नाही." मग आता ऐका.

तुम्ही सगळ्यांच्या पुढे, त्या वेताच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसला होता. बोटात सिगारेट. मान हलवत होता, डोळे मिटलेले, जसं काही ते गाणं तुम्हीच रचलंत. आणि ते खाकरले. तुमच्या मोठ्या मशीनवर, भजी नाहीत, खरखर नाही, अगदी ओट्याखालून यावं तसं. आणि तुम्ही ताडकन उठून उभे राहिलात. साठी उलटलेला माणूस! हात पाठीमागे गेला आणि सिगारेट मुठीत लपवलीत. लहानपणी मागच्या अंगणात दादांची चाहूल लागली की लपवायचात, अगदी तश्शी. हेमा म्हणाली, "आई, काकांचा हात भाजला असेल गं, पण ते कितीतरी वेळ तसेच उभे होते." मटार सोलणाऱ्या बाईनं विचारलं, "अध्यक्ष, काय झालं?" तुम्ही म्हणालात, "पायाला मुंग्या आल्या."

कुठल्या जर्मनाला भिऊन सिगारेट लपवलीत हो? त्या खाटकाला की वकिलाला?

तुम्हाला कळलं तो कोण आहे. सगळ्या खोलीत हेमा सोडून तुम्हा एकट्याला कळलं. आणि त्या चहावाल्या, घोरणाऱ्या लोकांपुढे तुमची शोभा झाली म्हणून तुम्ही दादांना कॅसेटमधून काढलंत आणि खोकाच घरातून घालवलात. आम्हा कोळीवाड्यातल्या माणसांना अडाणी म्हणता. अहो, अडाणी माणूससुद्धा भावाचा आवाज ओळखला तर ओ देतो.

मला काही समजावू नका. त्या घोडबंदरच्या माणसाकडे जा, त्याच्या पाया पडा, त्याची भांडी घासा, काय वाटेल ते करा. खोका आणून द्या.

सगुणा


डोंबिवली,
१४ एप्रिल १९९१

ती. वहिनी,

गेलो होतो. तीन खेपा घातल्या. पहिल्या दोन खेपांना वॉचमनने वर सोडले नाही.

तो माणूस दर्दी नाही. त्याच्या दिवाणखान्यात एकही खुर्ची स्पीकरकडे तोंड करून ठेवलेली नाही. भिंतीला खोकीच खोकी, त्यांवर चिकटपट्टीने आकडे. मी म्हटले, तो संच परत हवा, तुमच्या सीडी घ्या आणि वर काय हवे ते सांगा. तो फोनवर कुणाशी तरी बोलतच होता. फोन खांद्याला दाबून म्हणाला, "अंकल, वो तो कब का गया बाहर. लंडनकी पार्टी थी." मी म्हटले, लंडनला कुणाकडे? तर हसला. धंद्यातली माणसे असले सांगत नाहीत, असे म्हणाला. जाताना मला विचारतो कसा, "उसमें ऐसा क्या था?" मी म्हटले, माझा भाऊ होता. त्याला वाटले म्हातारा चळला. त्याने नोकराला पाणी आणायला सांगितले.

एवढी वर्षे मी समजत होतो की मूर्ख माणसे काय ती आमच्या मंडळात आहेत. असो.

तुम्ही सिगारेटीविषयी लिहिलेत. त्यावर मी काही लिहिणार नाही. हेमाची नजर दादावर गेली आहे.

कॅसेट पुन्हा करता येणार नाही हे तुम्हाला कळलेच असेल. बटण दाबले तेव्हा ते यंत्राने घेतलेच नाही. मी माझ्या सर्व टेपा शोधल्या, त्या दिवशी कुणी आपला टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता का हेही घरोघर जाऊन विचारले. कुणी लावला नव्हता. घोरणाऱ्या साहेबांनी विचारले की कोणता कार्यक्रम?

मुलाकडून सीडीचे यंत्र आणवले आहे. सीडीत तो तुकडा नाही हे कंपनीच्या पुस्तिकेत छापलेले आहे, तरी कुठे मागे, वाद्यांच्या आड काही राहून गेले असेल, असे आपले मला वाटते. माझे कान आता त्या जागी भरवशाचे राहिलेले नाहीत. तुम्ही ऐकून सांगा. येत्या रविवारी घेऊन येतो. पायरीचे तुम्ही पाहा.

शिवराम


ठाणे
२२ एप्रिल १९९१

भावोजी,

काल तुम्ही गेल्यापासून लिहीन-लिहीन म्हणते आहे. तोंडावर बोलले नाही, कारण बोलले असते तर शेजारी गोळा झाले असते.

लाइट गेलेली होती, त्यामुळे आमच्या दारावरची, तुमच्या डोंबिवलीसारखी बेल वाजली नाही. मी आत कोलंबी सोलत बसले होते. हेमा बाहेर गेलेली. आणि ओट्याखाली कुणीतरी खाकरलं. दोन आखूड. एक लांब, शेवटी वर ओढलेलं.

मी उठले. हात तसेच घाणेरडे, मनगटाने पदर सावरला आणि तोंडातून निघून गेलं, "आलात?"

आणि दारात तुम्ही. काखेत ते यंत्र, घामाने निथळलेले, दादांचं नाक आणि तुमचं तोंड. भावोजी, मला तुमचा जन्मात इतका राग आला नव्हता. तो खोका घालवलात तेव्हाही नाही. वाटलं, कोलंबीचं पातेलं डोक्यावर ओतावं. तुम्ही विचारलंत, "काय झालं वहिनी?" आणि मी म्हटलं, "काही नाही, बसा."

लाइट आल्यावर तुम्ही ती चकती लावलीत. तुम्ही जमिनीवर बसला होता, चटईवर, ते मी पाहिलं. कान अगदी त्या जाळीला लावून बसला होता. मीही ऐकलं, हेमानंही ऐकलं. आड काही राहिलेलं नाही. सगळं पुसून लखलखीत केलंय, दवाखान्यातल्या फरशीसारखं. तो पोरगा पाय न वाजवता त्या बाईपर्यंत पोचला आणि त्याला कुणी हटकलं नाही. तुम्ही तीनदा लावलंत. मग चकती सदऱ्याला पुसून डबीत ठेवलीत, तेही पाहिलं. मला दया आली नाही. यंत्र आणि डबी दोन्ही शनिवारी हेमाबरोबर परत पाठवते. त्यांना घरात जागा नाही.

तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही, वाट पाहू नका. तुम्ही मंडळ चालवा, लोकांना शिकवा, त्यांना नावं ठेवा. मला काय त्याचं!

मात्र एक काम करायचं. दर रविवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, इथं यायचं. ओट्याखाली उभं राहायचं. बेलला हात लावायचा नाही. एकदा खाकरायचं, नीट, पूर्ण, काल केलंत तसं. आणि तसंच मागे फिरायचं. पायरी चढायची नाही, हाक मारायची नाही, तोंड दाखवायचं नाही. चहा मिळणार नाही. आजारी असाल तर तसं कार्ड टाका.

आणि सिगारेट आजपासून बंद. हेमा वास घेऊन सांगते. तो आवाज आता तुमच्या एकट्याचा नाही.

सगुणा